पाणक्याला पाणी
सायकल शर्यत कशी बघावी, हे आमच्या गावात फक्त मला कळतं. एकवीस दिवस, एकवीस टप्पे, रोज पाच तास. मी कवळ्या बनवतो. हातात कुणाचे तरी दात आणि समोर टीव्हीवर घाट, अशी माझी अकरा वर्षं गेली.

बाकीचे लोक पुढच्या दोघातिघांकडे बघतात. माझा माणूस एकशे बाराव्या नंबरावर असतो. संघाच्या गाडीपाशी मागे यायचं, अंगरख्यात आठ बाटल्या कोंबायच्या आणि पुन्हा छाती फुटेपर्यंत पुढे जाऊन नायकाला पाणी पाजायचं, एवढंच त्याचं काम. सगळे चाहते त्याला ‘पाणक्या’ म्हणतात. हे नाव मीच पाडलं, असं माझं ठाम मत आहे.

यंदा त्यानं निवृत्ती जाहीर केली, आणि नेमका सतरावा टप्पा आमच्यापासून दोन तासांवरच्या घाटातून जाणार होता. मी निश्चय केला. जन्मभर इतरांना पाणी पाजणाऱ्या या माणसाला एकदा तरी माझ्या हातून पाणी मिळालं पाहिजे, आणि रस्त्यावर त्याचं नाव ठसठशीत दिसलं पाहिजे. त्याच्या संघाकडे असतात तशा आठ बाटल्या मी मुद्दाम शोधून आणल्या.

नाव लिहायला सासरे होते. त्यांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिला शर्यतीत काडीचाही रस नाही. वडिलांना उन्हात माझ्या भरवशावर सोडायचं नाही, म्हणून ती आली.

सकाळी सातला सासऱ्यांनी रस्त्यावर खडूनं रेघा मारल्या. मजकूर मी सांगितला होता, ‘पाणक्या, शाब्बास’. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. पण सासऱ्यांनी ‘पा’ काढला, त्याला किनार दिली, किनारीला सावली दिली, मग लांब जाऊन डोळे बारीक करून बघितलं आणि सावली पुसून पुन्हा काढली. दहा वाजता रस्त्यावर फक्त ‘पाण’ होतं, आणि रस्ता मोकळा करायला पोलीस आला.

मी त्याच्या हातापाया पडलो. सासरे मात्र शांतपणे म्हणाले, “अर्धा शब्द टाकून मी आजवर कुठल्याही शिडीवरून उतरलेलो नाही.” पोलिसानं दोन मिनिटं दिली. दोन मिनिटांत ‘क्या’ होणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी ‘ण’ला दुसरी वेलांटी दिली आणि शब्द पुरा केला. पाणी. सावलीसकट.

मी डोकं धरून बसलो. बायको म्हणाली, निदान अर्थ तरी लागतो.

कुंचले धुवायला सासऱ्यांनी माझ्या आठांतल्या एका बाटलीत साबणाचं पाणी केलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. उरलेलं त्यांनी झाकण लावून दगडामागे, सावलीत ठेवलं. पाणक्यासाठीची बाटलीही मी त्याच दगडामागे ठेवली होती. तहान लागली तर हवी म्हणून ती बायकोनं उचलून पिशवीत टाकली. हेही मला कुणी सांगितलं नाही.

दुपारी शर्यत आली. पुढचे दोघे वाऱ्यासारखे गेले. पण मागच्या घोळक्यानं रस्त्यावरचं ते देखणं ‘पाणी’ वाचलं आणि धडाधड हात पुढे केले. मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? बघता बघता सहा बाटल्या संपल्या. तरी मी निर्धास्त होतो. दगडामागे एक होतीच.

सगळ्यांच्या मागून, एकटा, पाणक्या आला. अक्षरं बघून त्याला हसू फुटलं, हात पुढे झाला. मी बाटली दिली आणि सोबत पळत ओरडलो, “डोक्यावर ओता!”

बिचाऱ्यानं ऐकलं.

हेल्मेटच्या प्रत्येक भोकातून फेस वर आला, चुलीवर दूध उतू जावं तसा. मग तो खाली उतरला, डोळ्यांत गेला. पाणक्यानं ब्रेक दाबले आणि तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला.

बायकोनं मला कोपरानं बाजूला केलं, पिशवीतली बाटली काढली आणि त्याची हनुवटी धरली. “वर बघा. डोळे मिटायचे नाहीत.” तिनं शेवटच्या थेंबापर्यंत पाणी सोडलं. मधल्या वेळात सासऱ्यांनी त्याला अक्षरं कशी वाटली, ते विचारून घेतलं. तो म्हणाला, आत्ता काहीच दिसत नाहीये.

या शर्यतीत विजेत्यानंतर ठरावीक वेळात पोचला नाही, तर खेळाडू बाद होतो. पाणक्याची चार मिनिटं आम्ही खाल्ली होती. चौदा वर्षांत तो एकदाही बाद झाला नव्हता. आता झाला असता, तर माझ्यामुळे.

मी त्याला सायकलवर बसवलं आणि सीट धरून चढावर ढकलत सुटलो. मोटरसायकलवरच्या पंचानं शिट्टी मारली. मी सोडलं नाही. दुसरी मारली. सोडलं नाही. तिसऱ्या शिट्टीला दमच मला सोडून गेला आणि मी आडवा झालो. पंचानं तिथेच माझं नाव-पत्ता लिहून घेतला. अकरा वर्षं मनात एक वाक्य जपून ठेवलं होतं, की मी ही शर्यत फक्त तुमच्यासाठी बघतो. ढकलताना तोंडातून सबंध वेळ निघालं ते एवढंच, “माफ करा, माफ करा, माफ करा.”

पाऊण तास आम्ही मोबाईलला कान लावून बसलो. तो पोचला, तेव्हा एकोणीस सेकंद शिल्लक होते. मी ढसाढसा रडलो. बायकोला वाटलं, माझ्याही डोळ्यांत साबण गेला.

दोन दिवसांनी संघाकडून निरोप आला. अखेरच्या टप्प्याला, शेवटच्या रेषेजवळ बसायचे दोन पास पाणक्यानं स्वतः पाठवले होते. मी सदऱ्याला इस्त्रीही केली. मग सोबतची चिठ्ठी वाचली. एक पास डोळे धुणाऱ्या ताईंना, दुसरा अक्षरं काढणाऱ्या आजोबांना.

मला संयोजकांचं वेगळं पत्र होतं. प्रेक्षकांनी खेळाडूंपासून किती अंतर ठेवावं, त्याचे नियम.

शेवटचा टप्पा मी घरीच बघितला. पाणक्या एकशे चौदावा आला. त्यानं रेषा ओलांडली आणि बायकोचा फोन आला. मागे टाळ्यांचा कडकडाट चालला होता.

“आज तू इथे हवा होतास,” ती म्हणाली.

मी पार विरघळलो. खरंच का, असं विचारलं.

“हो ना. गाडी फार लांब लावावी लागली. तू असतास तर आम्हाला दारात सोडून गेला असतास.”