सुपडूची पळी

सकाळी सात वाजता आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीत एक म्हातारा ओट्यावर उभा राहतो, आमटीची पळी डाव्या डोळ्यावर धरतो आणि ओरडतो, "बठ्ठं दिसस!" म्हणजे सगळं दिसतंय. नवे भाडेकरू पहिल्या दिवशी दचकतात. मग दूध आणायला निघालेली एखादी बाई सापडली की हा तिला थांबवतो.

"हिरवी साडी!"

"नाना, निळी आहे."

"मग ऊन बराबर नाही आज."

त्यात त्याचा डावा डोळा लहानपणीच विट्टी लागून गेलेला. मी एकदा म्हटलं, "अरे, बंद दुकानाला कुलूप कशाला लावतोस?"

"दवाखान्यात झाकायला लावतात ना, आबा. नियम तो नियम."

हा सुपडू. मूळचा भडगावकडचा. तीस वर्षं सावद्याला केळीच्या गाड्या भरल्या. हिरवा घड हातात घ्यायचा, देठ दाबायचा आणि सांगायचा, "चार दिनमा पिवयं!" आणि चार दिवसांनी तो पिवळा व्हायचाच. व्यापारी त्याला विचारल्याशिवाय गाडी सोडायचे नाहीत. मग ती खोड त्याने माणसांना लावली. गल्लीत नवराबायकोचं भांडण झालं की हा ओट्यावरून सांगणार, "दोन दिनमा पिवयं." म्हणजे मिटेल. माझा दात हलायला लागला तर तोंडात बोट घालून म्हणाला, "आठ दिनमा." सातव्या दिवशी पडला. एक दिवस चुकला म्हणून हा माझ्यावरच रागावला, कडक काही खाल्लं असेल म्हणाला.

आमची ही आजारी होती तेव्हा मात्र त्याने एकदाही आकडा सांगितला नाही. मी विचारलं तर हवापाण्याचं बोलायचा.

ती गेली, आणि दोन महिन्यांत याचा उरलेला डोळा बिघडला. सरळ रेघ वाकडी दिसायला लागली. मी चौथी शिकलेला, डाळ मिलमध्ये पोती उचललेला माणूस, मला कळलं तेवढं सांगतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्ताच्या बारीक नळ्यांची गाठ झाली होती. साधी गाठ, कॅन्सर नाही. पण तिच्यातून पाणी झिरपतं आणि नजर खातं.

सुपडूने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "किती दिनमा पिवयं?"

बाई सावद्याच्याच निघाल्या, त्यामुळे समजल्या. म्हणाल्या, "नाना, गाठ केवढी आहे, कुठे आहे, पाणी मधोमध पोचलंय का, हे बघावं लागतं. आणि आज तुमची नजर किती आहे त्यावर पुढचं बरंचसं ठरतं."

"म्हणजे गाडीत भरताना घड कसा होता ते!"

"तेच. तरी मी अंदाज सांगणार, खात्री नाही."

"एवढं शिकून अंदाजच?" असं म्हणून हा पाटी वाचायला बसला आणि शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत धडाधड वाचून मोकळा झाला. बाई खूश. नजर चांगली टिकेल म्हणाल्या. लेझरने गाठ सुकवली. याने गल्लीभर केळी वाटली.

त्याच संध्याकाळी हा गल्लीत बसलेल्या म्हशीला वळसा न घालता सरळ तिच्या अंगावर गेला. मला संशय आला. पुढच्या तपासणीला मी बरोबर गेलो.

आत बोलावलं. याने घरून आणलेली पळी डोळ्यावर धरली आणि सुरू केलं, "प, ग, र, न, ट..."

सिस्टर म्हणाली, "नाना, या पाटीवर अक्षरं नाहीत. आज नुसत्या खुणा आहेत. कोणती कुठे वळलीय तेवढं सांगायचं."

 याची पळी हळूहळू खाली आली.

मागच्या वेळी बाहेरच्या बाकड्यावर बसून याने आधीच्या सात पेशंटांचं ऐकून ऐकून अख्खी पाटी पाठ केली होती. चौथीत मीसुद्धा कॉपी केली होती, पण मी पकडला गेलो नव्हतो.

खरं वाचायला लावलं तर वरच्या दोनच ओळी. बाई चिडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "नाना, तुम्ही सांगितलेल्या नजरेवर मी अंदाज बांधला होता. तो आता पुसावा लागेल. असं का केलंत?"

"पोरगी धुळ्याला नेईल. नजर उतरली की गाडी घेऊन येते म्हणाली."

"मग जा की! सोन्यासारखी पोरगी आहे," मी म्हणालो. "इथे काय ठेवलंय तुझं?"

तो माझ्याकडे बघेना. बाईंना म्हणाला, "याची बायको गेली तेव्हा याने तीन दिवस दार उघडलं नाही. मीच कडी तोडली. धुळ्याहून याचं दार दिसत नाही."

मी म्हणालो, "तुला पहाऱ्यावर कोणी बसवलं?" आवाज जरा मोठाच निघाला. सिस्टरने पाणी आणून दिलं. त्याला नाही, मला.

बाईंनी विचारलं, "दार किती लांब आहे?"

"गल्ली ओलांडून. वीस पावलं."

त्यांनी पुन्हा डोळ्यात उजेड टाकला आणि बराच वेळ बघितलं. "बारीक अक्षर परत येईलसं वाटत नाही. पण गाठ कडेला आहे आणि पाणी ओसरतंय. वीस पावलांवरचं दार उघडं की बंद, एवढं राहावं. अंदाज आहे, नाना."

"बस झालं," सुपडू म्हणाला.

आशाला, म्हणजे त्याच्या पोरीला, फोनवर मीच सगळं खरं सांगितलं. ती मला बोलली, बापाला बोलली, रडली आणि शेवटी पुढच्या तपासणीपर्यंत थांबते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच मी उठून बसलो. बरोबर सातला फटीतून बघितलं तर हा पळी धरून उभा, मान इकडेच. ओरडत मात्र नव्हता. मी दार उघडलं. आणि चुकून नाही, मुद्दाम, कडी जरा जोरात वाजवली.

समोरून आवाज आला, "आबा, कडी कशाले वाजाडी? परीक्षा डोयानी शे, काननी नही!"

मी दार लावून घेतलं. पुन्हा उघडलं, आवाज न करता.