घाबरलेल्या माणसाचं माप

कासमचाचा शिंप्याकडे कोटाचं माप द्यायला गेलात, तर ते गळ्यातल्या टेपला हातही लावत नसत. आधी नुसतं तुमच्याकडे बघत. मग म्हणत, "खांदा कानले लागी ऱ्हायनात. बठ. पानी पे."

माठातलं पाणी यायचं. मग घरी कोणती भाजी झाली, बैल कसा आहे, सासू गेली की अजून आहे, अशा चौकशा. खांदे कानापासून सुटून आपल्या जागी आले, की बोलता बोलता टेप पाठीवर पडलेली असे.

"घाबरेल मानूसनं माप खोटं ऱ्हास, अण्णा," ते मला सांगत. "भीती उतरनी का तोच कपडा काचस."

मी चाचांच्या समोरच राहणारा, नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही माझी सवय. म्हणून मी घरी बायकोकडून स्वतःच्या खांद्यांचं माप दोनदा घेवविलं. एकदा कचेरीतून आल्या आल्या, एकदा जेवून लवंडल्यावर. फरक पडला. बायकोला त्यात काही विशेष वाटलं नाही. "पहिले तुम्हीन मन्हावर वरडनात, म्हनीसन मन्हा हात हालना," ती म्हणाली.

एकदा ब्राह्मणपुरीचे एक पाटील मुलाच्या लग्नाचा कोट शिवायला आले. बैलगाडी बाहेर जुंपलेलीच. मुलगा खुंटीसारखा ताठ उभा, आणि पाटील त्याच्या कानाशी, "सरळ उभा ऱ्हा, मान वर कर, इतला वाकस कसाले!" चाचांनी टेप पुन्हा गळ्यात टाकली.

"पाटील, तू भाईर बठ."

"कसाले?"

"तू अठे शे तवलगुन हाऊ दम लेवाव नही."

पाटील तणतणत समोरच्या निंबाखाली जाऊन बसले. इकडे मुलगा हळूहळू सैल झाला, माप झालं, आणि होणाऱ्या बायकोचं नावही त्याने चाचांना सांगून टाकलं. बाहेर येऊन बघतात तर पाटील गार सावलीत गाडीच्या चाकाला टेकून गुणगुणत होते. चाचा टेप घेऊन तसेच त्यांच्याकडे धावले. "हालू नको पाटील! असा तू पुन्हा सापडाव नही!" आणि पाटलांचाही कोट ठरला.

चाचांकडे उपाय भरपूर होते. छातीत धडधडलं तर करगोटा सैल करायचा. श्वास घेताना घाई चालेल, सोडताना नाही. मान आखडली तर पाय कोमट पाण्यात ठेवायचे. मानेचा पायाशी काय संबंध, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तू जकात नाक्यावर अडकेल शे ना? गाडी नाक्यावर थांबस, अन खोळंबा बाजारमा व्हस. तसं." माझ्या मानेला त्याने थोडा आराम पडला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

पण हे सगळे उपाय एका माणसावर चालत नव्हते. त्यांची बायको हमीदाबी.

त्यांचा एकुलता एक मुलगा यासीन महायुद्धात पलटणीबरोबर शिंपी म्हणून ब्रह्मदेशाकडे गेला होता. "बंदूक थोडीच धरनी शे, बटनं तर लावनी शेत," असं म्हणून चाचांनीच त्याला स्टेशनवर पोचवलं होतं. पुढे जपानी ब्रह्मदेशात घुसले आणि यासीनची खबर थांबली. जिवंत आहे असंही कोणी सांगेना, नाही असंही सांगेना.

हमीदाबीची झोप गेली. आधी रात्रीची, मग दिवसाचीही. छाती धडधडायची, हात गार पडायचे, घास गिळवायचा नाही, फणीत केसांचे पुंजके यायचे. चाचांनी डॉक्टरला घरी आणलं. त्याने नळी लावून तपासलं आणि सांगितलं की हृदय ठीक आहे, हे सगळं काळजीनं होतंय. पण अशीच झोप आली नाही, तर हे शरीर फार दिवस निभावणार नाही.

डॉक्टर गेल्यावर चाचा आमच्या ओट्यावर येऊन बसले. मला म्हणाले, "दिल चांगलं शे म्हने. चांगलं शे तर इतलं कसाले धडधडस?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

जायफळ उगाळून झालं. दर्ग्याचा ताईत झाला. माझ्या बायकोने काशाची वाटी नेऊन हमीदाबीचे तळपाय तेलाने घासले. तेव्हा ती माझ्या बायकोला म्हणाली, "नका घासू भाभी. मला झोप यायला लागते." झोप यावी म्हणूनच घासते आहे, असं बायको म्हणाली, तर हमीदाबीने पाय ओढून घेतले. "मी झोपले, आणि यासीन दारात आला, तर?"

"चाचा शेतस ना."

"ते दिवसभर थकतात. त्यांना बी डोळा लागतो."

बायकोने घरी येऊन हे मला सांगितलं, आणि त्या दिवशी आम्ही दोघं फारसं जेवलो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाचांचं मशीन भर दुपारी चालू लागलं. त्या वेळी आमची सगळी गल्ली झोपलेली असे. मशीन मात्र खडखडत राही, ते थेट तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची बांग होईपर्यंत. आणि ते दिवस असे, की कापड मिळत नव्हतं. कंट्रोलच्या दुकानासमोर रांगा लागत, आणि धोतराचं पान मिळालं तर माणूस ते मिरवत घरी नेई. गल्लीत कुजबुज सुरू झाली. समोरचा रामदास वाणी तर तोंडावर म्हणाला, "काय चाचा, पलटनना ठेका लिन्हा का?"

चाचा तसेच आत निघून गेले. एरवी ते असं ऐकून घेणारे नव्हते.

रामदास माझ्याकडे आला. "अण्णा, तुम्ही नाक्यावरना मानूस. इतलं कापड गावमा कोठून उनं, बघा तरी."

नाक्यावरून कापड आलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. मशीन चालतं हेही खरं होतं. दोन्ही गोष्टींचा मेळ बसेना. तसं काही राहिलं की मला चैन पडत नाही. एका दुपारी मी टोपी घालून समोर गेलो.

दार उघडंच होतं. चाचा रस्त्याकडे तोंड करून मशीनवर बसले होते. मला पाहताच त्यांनी बोट ओठावर ठेवलं. पाय चालूच होता. मी जवळ गेलो. सुईखालच्या पाटीवर कापड नव्हतं. सुईत दोरा नव्हता. सुई नुसती वर-खाली होत होती.

आतल्या खोलीत हमीदाबी भिंतीकडे कूस करून झोपली होती. पाठ संथ हलत होती.

"मशीन चालस तवलगुन ती निजस," चाचा माझ्या कानाशी कुजबुजले. "तिले समजस, म्हातारा जागा शे, दारवर नजर शे. थांबनं का उठी बठस."

त्यांचे डोळे लाल झाले होते. पायजम्याची कड पायाला घट्ट बसली होती, इतका घोटा सुजला होता.

"रोज?" मी विचारलं.

"रोज."

"आणि रात्री?"

ते नुसते हसले.

मी टोपी काढून खुंटीला लावली आणि त्यांना उठायची खूण केली. ते नको नको करत होते. शेवटी उठले, पण पायपट्टीवरचा पाय तसाच ठेवून, आणि माझा पाय शेजारी टेकल्यावरच त्यांनी आपला काढला. तेवढ्यात चाक एकदा अडखळलं.

आतून लगेच आवाज आला, "यासीन के अब्बा?"

"हूँ, हूँ. सो जा," चाचा म्हणाले.

मला मशीन चालवायची सवय नाही. पहिल्यांदा पाय फार जोरात पडला. चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो मंद केला. लय बसल्यावर हात काढला आणि कापडाच्या रिकाम्या मांडणीला टेकून ते खाली बसले. "जरासा बठस," म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी सुरू केलं आणि अर्ध्यावरच त्यांची मान कलली.

रामदास दारात येऊन उभा राहिला. त्याने मशीनकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो चपला हातात घेऊन परत गेला.

आता दाराकडे तोंड करून मीच बसलो होतो. स्टेशनच्या बाजूने एक टांगा येताना दिसला. मागे कोणी तरुण माणूस बसला होता, मांडीवर पत्र्याची पेटी. उन्हामुळे चेहरा ओळखू येत नव्हता. टांगा आमच्या गल्लीच्या तोंडाशी हळू झाला. मी उठलो नाही. उठता येत नव्हतं. नुसता बघत राहिलो.

टांगेवाल्याने लगाम ओढला, खड्डा चुकवला आणि टांगा पुढे निघून गेला.

मी पाय चालू ठेवला.