मारोतीच्या घंटेवरचा हर्निया

जावई आरोग्य विम्याचा एजंट झाला आणि त्याने पहिली पॉलिसी सासऱ्याच्या गळ्यात बांधली, यात नवल नव्हतं. पंचाईत केली ती फॉर्ममधल्या एका ओळीने.

"मामा, आधीचा काही आजार?" पाच वर्षांपूर्वी व्यंकटरावांनी पेन टेकवून विचारलं होतं.

किशनरावांच्या जांघेत तेव्हाही हर्नियाची लिंबाएवढी गाठ होती. पण जावयासमोर जांघेचं नाव काढायचं? शोभतं का ते? त्यांनी मिशीवर हात फिरवला. "आपल्याला काय धाड भरलीय? लिवा, काईच न्हाई म्हणून."

जावयाने मान खाली घालून तसं लिहिलं.

यंदाच्या दुष्काळात टँकर आला, तेव्हा उदगीर जिल्हा होणार की नाही यावर भांडत सगळं गाव रांगेत उभं होतं. किशनरावांनी तोऱ्यात दोन भरल्या घागरी एकदम उचलल्या आणि तिथेच आडवे झाले. गाठ अडकली होती. लातूरला तातडीचं ऑपरेशन झालं. आता क्लेम मिळाला नाही तर देवणी बैलांची जोडी विकावी लागणार होती, आणि त्या जोडीवर किशनरावांचा पोरांपेक्षा जास्त जीव होता.

कंपनीचे साहेब व्यंकटरावांना सोबत घेऊन चौकशीला आले. "दुखणं टँकरच्याच दिवशी चालू झालं बगा," गुणाबाईंनी नवऱ्याने पढवलेलं चोख सांगितलं. साहेबांनी वही मिटली. सगळं निभावलं असतं, पण तो शनिवार होता.

"जाता जाता मारोतीचं दर्शन घेतो," साहेब म्हणाले.

किशनराव घाईने आडवे आले. "आत लई अंधार हाय साहेब, पुन्यांदा या की!"

साहेब पोचलेसुद्धा. घंटा वाजवायला त्यांनी हात वर केला, तो वरच राहिला. नवसाच्या त्या पितळी घंटेवर कोरलं होतं: 'किशनरावांचा हर्निया बरा व्हावा म्हणून, सौ. गुणाबाईकडून. सन २००९.'

धरणी पोटात घेईल तर बरं, असं किशनरावांना झालं. साहेबांनी फोटो काढला.

"काका, पॉलिसी दोन हजार अकराची. तुम्ही आधीचा आजार लपवला. क्लेम मिळायचा नाही."

"अन् खरं लिवलं असतं तर?"

"तर चार वर्षं थांबावं लागलं असतं. त्याला वेटिंग पिरियड म्हणतात. तो मागच्याच वर्षी संपला असता. म्हणजे हा खर्च मिळाला असता."

साहेबांची गाडी गेली तरी किशनरावांना मान वर करवेना. बैलं तर जाणारच होती, वर जावयाच्या धंद्यालाही आपल्यापायी बट्टा लागला, या लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"जावईबापू, माफ करा. मी तुमाला फसवलं."

व्यंकटराव त्यांच्याहून ओशाळले. "फसवलं कुठं मामा? लगनाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या पोरीनं हितं दर्शनाला आणलं, तवाच ती घंटा वाचली मी."

"आँ? मग फॉर्मवर खरं का न्हाई लिवलं?"

"तुमच्या म्होरं बसून तुमच्या जांघेतलं कसं लिवावं, मामा? लई लाज वाटली."