धोरणप्रमुखांनी जमवलेली गर्दी

श्रीरंगरावांनी आधी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की आपण एका बेसबॉल संघाचे धोरणप्रमुख झालो, आणि मग बेसबॉल कसा खेळतात ते मोबाइलवर बघायला बसले. क्रम जरा उलटा होता. पण वाळूजच्या कंपनीतली नियोजन खात्यातली नोकरी गेल्यापासून त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. बायको उमा मात्र कुणाला काही बोलली नाही.

"धोरण म्हणजे नक्की काय करता, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?" एवढंच ती म्हणाली.

संघ मुंजाबांचा. गंगापूर रस्त्याकडच्या ज्या माळावर त्यांच्या मेंढ्या चरायच्या, तिथं शहर येऊन टेकलं, प्लॉट पडले आणि मुंजाबांचे दिवस पालटले. मुलगी रत्नमाला कॉलेजात बेसबॉल खेळते म्हणून त्यांनी मुलींचा अख्खा संघ काढला. उरल्यासुरल्या माळाचं मैदान केलं.

"पोरी लई भारी खेळतेत, साहेब," मुंजाबा म्हणाले. "पण बघाया कुत्रं येत नाय. रविवारी पंपाच्या कारखान्याच्या नीरजा मॅडम येनारेत. मानसं दिसली तर संघाला हात देते म्हनल्या. गर्दी जमली तर तुमची नोकरी पक्की. नाय जमली तर संघच बंद, मग तुमाला कुठं ठेवू?"

"गर्दीचं माझ्यावर सोडा," श्रीरंगराव म्हणाले. म्हणाले आणि लगेच कामाला लागले.

चौकात फ्लेक्स लावला, तर दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून दिसला. त्यात मैदानावरची धूळ! रत्नमालानं चेंडू फेकला की धूळ आधी पोचायची आणि चेंडू मागून. मॅडमना दिसणार काय? श्रीरंगरावांनी टँकर सांगितला. पण त्या दुष्काळी उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. मातीवर पाणी मारताना कुणी बघितलं असतं तर चामडी सोलली असती. म्हणून टँकरवाल्या फकिराला त्यांनी उजाडायच्या आत गुपचूप यायला सांगितलं, आणि उमाला बजावलं, कुणाला बोलू नकोस. उमा खरोखरच बोलली नाही. फक्त समोरच्या वहिनींशी बोलली.

रविवारी सकाळी श्रीरंगराव मैदानावर गेले तर टँकरचा पत्ता नाही. मैदानाभोवती मात्र निळे, काळे, पिवळे ड्रम ओळीनं मांडलेले. मुंजाबांनी बसायची सोय केली, असं त्यांना वाटलं. "काय डोकं लावलं साहेबांनी," असं मुंजाबांना वाटलं. मग माणसं येऊ लागली. आली, उपड्या ड्रमांवर बसली, आणखी आली. श्रीरंगरावांचा ऊर भरून आला. तेवढ्यात त्यांना ओळीतला पहिला ड्रम दिसला. तो त्यांच्याच न्हाणीघरातला होता, आणि त्यावर उमा बसली होती.

"अहो, कधी येतोय?" तिनं विचारलं.

श्रीरंगरावांनी वळून बघितलं. नीरजा मॅडम येऊन बसल्या होत्या, सामना सुरू झाला होता. रस्त्यावर ट्रक वाजला की अख्खं मैदान उठून उभं राहायचं.

"काय प्रेक्षक आहेत हो!" मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक चेंडूला उभे राहतात."

"सवय आहे त्यांना," श्रीरंगराव पुटपुटले. ते खांबाआड गेले आणि फकिराला फोन लावला. "येऊ नकोस बाबा. पाया पडतो."

"क्या साब! पंचर निघालं म्हून उशीर झाला, तर तुम्ही रागावले काय? हे काय, गेटातच हाय मी."

टँकर मैदानात शिरला आणि गर्दी ड्रम उचलून सुटली. रत्नमालानं नेमका तेव्हाच चेंडू जोरात टोलवला होता. ती तिसऱ्या बेसपर्यंत आली, धाव पुरी व्हायला एकच टप्पा उरला होता, तेवढ्यात तिनं आईला एकटीनं ड्रम ओढताना पाहिलं आणि वळून तिकडेच पळाली. तिच्या मागं दोन्ही संघ पळाले. धुळीत पंच तेवढे उरले.

"ही कुठं पळाली?" मॅडमनी विचारलं.

"धोरण आहे, मॅडम," श्रीरंगरावांच्या तोंडून निघून गेलं.

मैदानावर एक थेंब पडला नाही. टँकर रिकामा झाला तेव्हा माळावर माणूस नव्हता. मॅडमनी चष्म्यावरची धूळ पुसली.

"ही माणसं पाण्याला आली होती ना?"

"हो," श्रीरंगराव म्हणाले. संपलं, त्यांना वाटलं.

"दर रविवारी येतील?"

"टँकर आला तर येतील."

"मग टँकर आमच्याकडून. त्यावर आमच्या पंपाचं नाव. आणि पाणी सामना संपल्यावर."

मुंजाबांनी श्रीरंगरावांच्या पाठीवर थाप मारली. "साहेब, तुमी पक्के! दर रविवारी टँकर टायमावर आनायचा अन् रांग लावायची. धोरनाचं आमी बघून घेऊ."

त्या संध्याकाळी उमानं आपणहून बहिणीला फोन लावला.

"अगं, सांगायचं राहिलंच. ह्यांना नोकरी लागली. टँकरवर असतात!" मग ती जरा थांबली, पलीकडचं ऐकून घेतलं आणि रुबाबात म्हणाली, "बघते हं. एक ड्रम म्हणजे... ह्यांना विचारावं लागेल."