ताराचंद सरांचा दहावा डॅन

काळ्या पट्ट्याचा माणूस खोटं बोलत नाही, हे ताराचंद धोटे सेलूच्या पोरांना अठ्ठावीस वर्षांपासून सांगत आला होता. रोज सकाळी सहाला वाचनालयाच्या हॉलमध्ये पोरांना रांगेत उभं करायचं, आधी हे वाक्य म्हणायचं आणि मग लाथा शिकवायच्या, असा त्याचा क्रम होता. त्या शनिवारीही त्यानं ते म्हटलं. मग घरी आला, हातपाय धुतले आणि बायकोच्या फोनवरून फ्लेक्सवाल्याला कळवलं, की ताराचंद सरांना दहावा डॅन मिळाला आहे.

तशीच वेळ आली होती.

तायक्वांदो हा कोरियातून आलेला लाथांचा खेळ. त्यात काळा पट्टा मिळाला म्हणजे माणूस शेवटच्या स्टॉपवर उतरला, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर तिथून बस सुटते. पहिला डॅन, दुसरा, तिसरा अशा वर वर जाणाऱ्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीसाठी ठरावीक वर्षं थांबून परीक्षा द्यावी लागते. ताराचंदला पहिला डॅन मिळाला सत्त्याण्णव साली. दुसऱ्याची परीक्षा पुढच्या वर्षी वर्ध्याला होती, पण नेमकं त्याच दिवशी केळझरला साळ्याचं लग्न निघालं. ताराचंद लग्नाला गेला. नंतर तो विषय कोणी काढला नाही, त्यानंही काढला नाही. क्लासच्या बोर्डावर 'ब्लॅक बेल्ट' एवढंच लिहिलेलं होतं आणि सेलूत तेवढं पुरत होतं.

ते पुरेनासं झालं ऋतिकमुळं. हा देवळीचा पोरगा, वय वर्षं चोवीस. दिवाळीनंतर त्यानं सेलूच्या बसस्टँडवर आपल्या संध्याकाळच्या क्लासचा फ्लेक्स लावला. त्यात तो हवेत आडवा होता आणि खाली लिहिलं होतं, 'सातवा डॅन'. आठ दिवसांत ताराचंदची अर्धी पोरं तिकडे गेली.

"सर, तुमचे किती डॅन हायेत?" आपल्या दोन्ही पोरांची नावं काढून घ्यायला आलेल्या रूपरावनं विचारलं.

"डॅन मोजायचे नसते, रूपराव. ते अंगात असा लागते."

"ते खरं हाय. पण त्या पोराच्या अंगात सात हायेत."

ताराचंदनं घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. पहिल्यापासून सातव्यापर्यंत जायला नुसतं थांबायचीच एकवीस वर्षं लागतात. म्हणजे ऋतिकनं पहिला डॅन घेतला तेव्हा तो तीन वर्षांचा असला पाहिजे. हे गावाला सांगणं सोपं होतं. पण सांगितल्यावर गाव पुढचा प्रश्न विचारणार होतं, आणि त्याचं उत्तर 'एक' होतं.

त्यातच ऋतिकनं हॉलसाठी अर्ज दिला, म्हणून ताराचंदलाही द्यावा लागला. हॉल वाचनालयाचा, आणि वाचनालय सदाशिवरावांचं. सदाशिवराव तिथले अध्यक्ष, तहसीलमधून निवृत्त झालेले. माणसापेक्षा नियमावर त्यांचा जास्त जीव. त्यांनी दोन्ही अर्ज समोर ठेवले आणि निकाल आधीच सांगून टाकला.

"रविवारी दहाले सभा हाय. ज्याचा डॅन मोठा, त्याले हॉल. वादच नाई."

हॉल गेला तर क्लास गेला. क्लास गेला तर ताराचंद उरला नुसता वांगी पिकवणारा. वांग्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. आठवड्यातून तीन दिवस तो कॅरेट घेऊन वर्ध्याच्या भाजीबाजारात जात असे आणि तिथं सगळे त्याला 'ओ वांगे' अशी हाक मारत. 'सर' म्हणणारी जागा जगात एकच होती, तो हॉल. ताराचंदनं ठरवलं, की हॉल सोडायचा नाही.

क्लासच्या भिंतीवर सत्त्याण्णव सालापासून डॅनचा एक तक्ता होता. त्यात दहापर्यंत आकडे होते. दहाव्यासमोर बारीक इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं, पण चष्मा घरी राहिला होता. आठवा म्हटलं तर ऋतिक पुढच्या फ्लेक्सवर नववा लिहील, हे उघड होतं. तेव्हा एकदाच काय ते दहा.

"आन् कोनं विचारलं तं?" त्याची बायको वच्छला म्हणाली.

"दहावा म्हंजे सगळ्यात वरचा. वरच्याले कोन विचारते?"

तोंडानं मात्र त्याला हे सांगवेना. त्याचा स्वतःचा फोन बटणांचा होता, म्हणून वच्छलाच्या फोनवरून मेसेज गेला: 'ताराचंद धोटे सर यांना दहावा डॅन. फोटो जोडला आहे. मोठा फ्लेक्स. उद्या पहाटे बसस्टँडवर लागलाच पाहिजे.' स्वतःच्या कौतुकाखाली स्वतःचं नाव बरं दिसत नाही, म्हणून खाली 'वच्छला धोटे' असं घातलं. फोटो मतदार ओळखपत्रासाठी काढलेला होता. त्यात तो मुळातच गेल्यासारखा दिसत होता.

फ्लेक्सवाला ओमप्रकाश सावध माणूस होता. मागं एकदा त्यानं सरपंचकीत पडलेल्या उमेदवाराचं हार्दिक अभिनंदन छापलं होतं आणि उमेदवाराच्या भावांनी त्याला दुकानात गाठलं होतं. तेव्हापासून मोबाइलवर शोधल्याशिवाय तो अक्षर छापत नसे. त्यानं दहावा डॅन शोधला. परीक्षा देऊन माणूस नवव्यापर्यंत जातो, दहावा हा मानाचा असतो आणि तो बहुधा मेल्यावर देतात, असं तिथं होतं. ओमप्रकाशनं मेसेज पुन्हा वाचला. फोन बायकोचा, नाव बायकोचं, असला फोटो, आणि एवढी घाई. त्यानं फोन लावला.

"वयनी, ओमप्रकाश बोलून राह्यलो. मेसेज पाह्यला. एकदम कसं झालं हे?"

वच्छला तेव्हा वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या भाजत होती. "काय सांगू भाऊ," ती ठसकत म्हणाली, "ह्यायनं मनावर घेतलं अन् झालं."

"सर कुठी हायेत आता?"

"आतल्या खोलीत आडवे हायेत. जेवन नाई, बोलनं नाई."

"तुम्ही रडू नका, वयनी."

"कुठी रडतो बाप्पा. सकाळपासून डोयाचं पानीच खळत नाई."

ओमप्रकाशनं फोन ठेवला आणि मशीन पाच मिनिटं बंद ठेवलं. लहानपणी तोही दोन महिने सरांकडे जात होता. मग त्यानं मनापासून काम केलं.

रविवारी तांबडं फुटायच्या आधी ताराचंद वांग्याचे कॅरेट घेऊन मागच्या रस्त्यानं वर्ध्याला गेला. सभेपर्यंत परत यायचं आणि बसस्टँडवरून छाती काढून हॉलकडे चालत जायचं, असा बेत होता. पावणेदहाला तो एसटीतून उतरला. फ्लेक्स दुरूनच दिसला. ऋतिकच्या दुप्पट होता. ताराचंदची छाती ठरल्याप्रमाणे निघाली. मग त्यानं मजकूर वाचला. काळी चौकट, दोन बाजूंना दोन समया, आणि मधोमध: 'तायक्वांदोतील सर्वोच्च दहावा डॅन प्राप्त स्वर्गीय ताराचंद धोटे सर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.'

शेजारी पिशवी घेतलेला एक परगावचा माणूस उभा होता. "लय मोठा मानूस होता म्हनते," तो म्हणाला.

"होता?"

"दहा डॅन म्हंजे गंमत हाय काय? तुम्ही ओळखत होते काय त्यायले?"

"थोडंसं," ताराचंद म्हणाला.

हॉलकडे तो गेला तो मागच्या बोळानं, आणि खिडकीपाशी थांबला. आत सगळं सेलू होतं. टेबलावर त्याचा फोटो होता, फोटोला हार होता. पुढच्या रांगेत बायकांनी वच्छलाला मधे धरून बसवलं होतं. शेजारची रुख्माबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"ते वर्ध्याले गेले माय," वच्छला सांगत होती, "वांगे घेऊन."

"हो बाई, हो. गेले."

"दहा वाजता येतो म्हनले."

"येतीन हो," रुख्माबाई म्हणाली आणि तिनं पदर डोळ्याला लावला. सकाळपासून वच्छलानं हेच चाळीस जणांना सांगितलं होतं, आणि बाईनं मनाला फार लावून घेतलं, असं चाळीसही जणांचं मत झालं होतं.

सदाशिवराव उभे राहिले. "नियम म्हंजे नियम. एकीकडे सात, एकीकडे दहा. दहा मोठे. हा हॉल ताराचंद सरायच्या नावानं, त्यायच्याच क्लासले, कायमचा. सभा संपली का मी ठरावावर सही करतो."

खिडकीबाहेर ताराचंदच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हॉल मिळाला होता. फक्त सही होईपर्यंत मेलेलं राहायचं होतं. रोज पहाटे पाचशे लाथा मारणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटं मरणं जड नव्हतं. तो खिडकीखाली वाकून बसला.

तेवढ्यात आत ऋतिकचा आवाज आला. पोरगा बोलत होता आणि त्याचा आवाज फाटत होता.

"सरायनं दहावा असून कधी कोनाले सांगतलं नाई. बोर्डावर नुसतं ब्लॅक बेल्ट. आन् मी... माहा डॅन दुसराच हाय. फ्लेक्सवर मी सातवा टाकला. काळ्या पट्ट्याचा मानूस खोटं बोलत नाई, असं सर शिकवत होते म्हने. मले सर भेटले असते तं बरं झालं असतं."

ताराचंदला आधी आनंद झाला. दुसरा! तीन वर्षांच्या वयाचं कोडं सुटलं. मग आत सदाशिवराव म्हणाले, "आता दोन मिनिटं मौन," आणि खुर्च्या वाजल्या. ताराचंदनं डोकं वर काढून पाहिलं. पहिल्या रांगेत त्याची पोरं उभी होती, त्यानं शिकवल्याप्रमाणे टाचा जुळवून. ती फोटोला वाकली. त्यानं शिकवल्याहून चांगली वाकली.

ठरवलेल्या गोष्टीवरून न हलणारा माणूस खिडकीखाली अर्धं मिनिट बसला. मग उठला, वळसा घालून समोरच्या दारातून आत आला आणि मधल्या वाटेनं चालत टेबलापर्यंत गेला.

सगळ्यांनी त्याला पाहिलं. पण मौन चालू होतं. सदाशिवरावांची नजर घड्याळावर होती आणि अजून एक मिनिट दहा सेकंद बाकी होते. रूपरावनं तोंड उघडलं, सदाशिवरावांनी बोट वर केलं, रूपरावनं तोंड मिटलं. रुख्माबाईनं पदराचा बोळा तोंडात घातला. वच्छलानं एकदा सगळ्या बायकांकडे पाहिलं. ताराचंदला दुसरं काय करावं सुचेना, म्हणून तोही आपल्या फोटोशेजारी मान खाली घालून उभा राहिला.

"बसा," सदाशिवराव म्हणाले. मग: "ताराचंद, तू हायेस?"

"हाव."

"मंग दहावा?"

"नाई."

सदाशिवरावांनी पेन उघडलं. "नववा?"

"नाई."

"आठवा?"

"खाली या, सदाशिवराव."

"किती खाली?"

"तळाले," ताराचंद म्हणाला. "पहिला."

हॉलमध्ये आपोआप पुन्हा मौन झालं. या वेळी घड्याळ कोणी पाहिलं नाही.

"दोन हे एकाहून मोठे," सदाशिवराव शेवटी म्हणाले, ठरावातली एक ओळ खोडली, वर ऋतिकचं नाव घातलं आणि सही केली.

"म्हंजे माहे पोरं बरोबरच गेलते," रूपराव म्हणाला.

वच्छलानं उठून फोटोचा हार काढला आणि पिशवीत टाकला. "फुलं ताजी हायेत," तिनं रुख्माबाईला सांगितलं. लोक पांगू लागले. श्रद्धांजलीला म्हणून दुकानं बंद ठेवली होती, ती कोणाला न विचारता उघडली.

ऋतिक मागं राहिला. खाली बघत म्हणाला, "सर, सकाळची बॅच तुम्हीच घ्या. मले देवळीवरून सहाले येनं होत नाई. पोरंही तुमचंच ऐकते." मग, "पन एक विचारू काय? तुम्ही दुसऱ्याची परीक्षा काऊन नाई देली?"

"अठ्ठ्यान्नवले केळझरले लग्न होतं."

"अन् नव्व्यान्नवले?"

ताराचंद विचारात पडला. "दरवर्षी राह्यते काय?"

"दरवर्षी, सर."

"मंग यंदा देतो," ताराचंद म्हणाला. पाय जुळवून, पोरांना सांगतो तसं. "देल्याशिवाय राह्यत नाई. दुसरा झाला का तिसरा. कुठी जा लागते, नागपूरले?"

"नाई सर, वर्ध्यालेच."

"वर्ध्यात कुठी?"

ऋतिकनं सांगितलं. भाजीबाजाराच्या मागची पिवळी इमारत. ताराचंद अठ्ठावीस वर्षांपासून, आठवड्यातून तीन दिवस, तिच्याच भिंतीला टेकवून वांग्याचे कॅरेट ठेवत आला होता.