जेनोवाच्या खिडकीतली ती

जहाजवाल्यांच्या बससहली ज्यांना पाय नाहीत किंवा आठवणी नाहीत अशा लोकांसाठी असतात, असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं. माझ्याकडे दोन्ही आहेत. पाय हल्ली कुरकुरतात, पण आठवणी अजून पळतात!

“उद्या जेनोवा!” मी म्हणालो. “बस नको, नकाशा नको, गाइड तर नकोच नको. बंदरावर उतरायचं आणि माझ्यामागून चालायचं. डोळ्यांवर पट्टी बांधलीत तरी तिच्या खिडकीखाली नेऊन उभं करतो!”

“पट्टी कशाला, दाजी?” माझा मेहुणा जेरार्दो म्हणाला. “तुमचा चष्मा काढून ठेवला की झालं.”

जेरार्दोने आयुष्यभर नेपल्सच्या ट्रामवर कंडक्टरकी केली. समोरचा माणूस बिनतिकिटाचा आहे, हा भाव त्याच्या चेहऱ्यावरून अजून उतरलेला नाही. मी सोडून दिलं. त्याची बहीण, म्हणजे माझी बायको असुंता, मात्र संत्रं सोलत होती. साल एका अखंड पट्टीत उतरत होती. आमचा ज्वालामुखी व्हेसुव्हियससुद्धा असाच शांत बसलेला असतो.

आता ‘ती’ कोण, हे सांगायला हवं. अर्ध्या नेपल्सला ते ठाऊक आहे, कारण मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहायचो आणि विषय आटला की तिला खिडकीत आणून उभी करायचो.

ऐन विशीत मी एका मालवाहू बोटीवर भटारखान्यात होतो. बटाटे सोलणे हे माझं समुद्रावरचं कर्तृत्व. बोट जेनोवाला लागली की सकाळी उठून, खांद्यावर पोतं टाकून, फोकाच्चा पाव आणायला गावात जायचं. भट्टीतून नुकता निघालेला, तेलात न्हालेला पाव! पोत्यातून त्याची ऊब पाठीला लागायची, खालून ओल्या दोरखंडांचा आणि खारवलेल्या माशांचा वास यायचा, आणि त्या अरुंद गल्लीच्या वळणावर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, ती असायची.

निळा झगा. एक कोपर खिडकीच्या कट्ट्यावर. शेजारी मांजर. मी टोपी काढायचो, ती माझ्याकडे बघत राहायची. इतर मुली टोपी काढली की झडपा आपटून घेत. ही कधीच आत गेली नाही! काय ती निष्ठा! भर जानेवारीत, समुद्रावरून सुरीसारखा वारा येत असताना, अर्ध्या बाह्यांच्या झग्यात उभी! पावसातसुद्धा तिची एक बट हलली नाही. मांजरही तसंच, घरंदाज.

बोलली मात्र कधी नाही. शेवटच्या फेरीला मी धीर करून ओरडलो, “निळ्या झग्यातल्या, मांजरवाल्या सिन्योरिना! मी चाललो! काहीतरी खूण द्या!”

आणि वरून टप्पकन माझ्या टाळक्यात पडला कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा!

तो मी जपून ठेवला. लग्नानंतर आमच्या घरात तीन माणसं होती: मी, असुंता आणि जेनोवाची. टोमॅटोच्या रश्श्यात मीठ जास्त झालं की मी नुसता उसासा टाकायचो. असुंता म्हणायची, “जा मग जेनोवाला!” नातवंडंसुद्धा चिमट्याला ‘आजोबांची जेनोवा’ म्हणतात.

म्हणून मुलांनी लग्नाच्या वाढदिवसाला ही जलसफर दिली, तेव्हा असुंताने फक्त एवढंच विचारलं, “जहाज जेनोवाला थांबतं ना?” मग तिने केस करून आणले, आईचा पोवळ्यांचा हार काढला आणि बदामाच्या बिस्किटांचा डबा भरला. नेपल्सचा माणूस भांडायलासुद्धा रिकाम्या हाताने जात नाही.

सकाळी आम्ही उतरलो. उन्हाचा कडाका होता, म्हणून जेरार्दोने लाल छत्री आणली होती. पण बहीण गर्दीत हरवू नये म्हणून त्याने ती मिटवून उंच धरली. इथेच घात झाला! जहाजाच्या बससहलीच्या बाईकडेही तशीच लाल छत्री होती. पहिल्या चढावर मी मागे वळून पाहिलं, तर आमच्यामागे एक सबंध जर्मन तुकडी! गळ्यात पाण्याच्या बाटल्या, डोक्यावर सारख्या टोप्या, चेहऱ्यावर गाढ विश्वास.

“अहो, तुमची बस तिकडे आहे,” मी म्हणालो.

पुढे एक उंच, नाकाला उन्हाने लाली आलेली बाई होती. फ्राउ उटे. कुठल्याशा शाळेत इटालियन शिकवून निवृत्त झालेली. “बस गेली, महोदय,” ती अगदी पुस्तकी थाटात म्हणाली. “आता आपणच आमचे मार्गदर्शक. कृपया सांगावे, आपण काय पाहणार आहोत?”

मी तोंड उघडायच्या आत जेरार्दो बोलून बसला. “दाजींची जुनी प्रेयसी!”

फ्राउ उटेने भाषांतर केलं. तुकडीतून ‘आऽह’ असा सूर उमटला. दोन-तीन बायकांनी असुंताकडे बघून डोळे पुसले. असुंता म्हणाली, “चला!”

मी चाललो. छाती पुढे, चष्मा असुंताच्या पर्समध्ये. जिथे तरुणपणी चष्म्याशिवाय फिरलो तिथे म्हातारपणी चष्मा लावणं म्हणजे विश्वासघात! डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, पायऱ्या चढलो, कमानीखालून गेलो आणि तळलेल्या माशांच्या एका दुकानापाशी निघालो.

“इथेच जवळ आहे,” मी म्हणालो.

पुन्हा डावीकडे, पुन्हा कमान, पुन्हा तेच दुकान.

“इथून तर अगदीच जवळ आहे.”

तिसऱ्यांदा आम्ही तिथे निघालो तेव्हा दुकानदार कढईवरून मान वर करून म्हणाला, “आजोबा, मासे घ्यायचे असतील तर लाजू नका.”

“तुम्हाला बोटीवर बटाटे सोलायला ठेवलं होतं ते बरं,” जेरार्दो म्हणाला. “सुकाणू दिलं असतं तर तुम्ही सगळे अजून समुद्रातच असता.”

जर्मनांनी मात्र मासे घेतले. तेवढ्यात असुंताने मला बाजूला ओढलं. हार नीट केला, आणि इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न अगदी हळू आवाजात विचारला.

“अहो, खरं सांगा. तिने चिमट्याऐवजी ‘हो’ टाकलं असतं, तर तुम्ही माझ्या दारात आला असता?”

मी खोकलो. आयुष्यभर मी मंत्र्यांची, बिशपांची, महापौरांची खिल्ली उडवली, पण ह्या प्रश्नावर मला फक्त समोरची कढई दिसली.

“मासा खाणार?” मी विचारलं.

असुंताने डबा छातीशी घट्ट धरला आणि माझ्यापुढे चालू लागली.

आणि तीच चुकून बरोबर वळली! भट्टीचा वास आला. तोच! माझे पाय आपोआप थांबले. पाठीला पोत्याची ऊब जाणवली. मी वर पाहिलं. निळं काहीतरी! शेजारी करडं काहीतरी!

“ती बघा!” मी किंचाळलो. “तिथेच उभी आहे!”

नेपल्समध्ये खिडकीतल्या माणसाला हाक मारायची एक पद्धत आहे. पाय फाकवायचे, तोंडाभोवती हात धरायचे आणि खाडीपलीकडच्या बेटावर ऐकू जाईल असं ओरडायचं. मी ओरडलो, “सिन्योरिना! मी आलो! पाववाला!”

जर्मनांनी टाळ्यांचा कडकडाट केला. फ्राउ उटेने माशाच्या पुडीत नाक शिंकरलं. मी टोपी काढली. ती बघत राहिली. आत गेली नाही!

“असुंता, बघ! अजून तशीच आहे!”

असुंता बघत होती. मान तिरकी करून. मग म्हणाली, “हो. अगदी तशीच आहे. एका दिवसानेही म्हातारी झालेली नाही.”

“मी म्हटलं नव्हतं?”

“मांजरसुद्धा जिवंत आहे,” ती म्हणाली, पर्स उघडली आणि चष्मा माझ्या हातात दिला. “घाला.”

मी घातला.

तिच्या कानापासून कोपरापर्यंत एक भेग गेली होती. मांजराचं मागचं अंग गिलाव्यासकट पडलं होतं आणि तिथे विटा दिसत होत्या. खिडकीच्या झडपा, कट्टा, कट्ट्यावरची सावली, सगळं रंगवलेलं! सावली उन्हाच्याच दिशेला पडली होती, ती गोष्ट निराळी.

नेपल्समध्ये खिडकी म्हणजे तिच्यातून बाहेर आलेलं एक डोकं. डोक्याशिवाय खिडकी असू शकते, हेच आम्हाला पटत नाही, तर खिडकीशिवाय खिडकी कुठून सुचणार?

“दाजी,” जेरार्दो अगदी मायेने म्हणाला, “निदान भिंत तरी अस्सल आहे.”

फ्राउ उटेने भाषांतर केलं. जर्मन लोक उशिरा हसतात म्हणतात. साफ खोटं! ते ताबडतोब हसले. गल्लीतल्या दोन्ही भिंती हसल्या. फक्त असुंता हसली नाही. ती समोरच्या पायरीवर बसली, डबा मांडीवर ठेवला आणि भिंतीला उद्देशून म्हणाली, “आणि मी हिच्यासाठी रडले. चुन्यासाठी!”

तेवढ्यात रंगवलेल्या खिडकीच्या बरोबर एक मजला वर, एका खऱ्या खिडकीच्या झडपा धाडकन उघडल्या. पांढऱ्याशुभ्र केसांची एक बाई बाहेर डोकावली.

“काय गोंगाट लावलाय? इथे माणसं राहतात! ती खाली यायची नाही, कितीही बोंबला. तिला जिना नाही!”

“माफ करा, सिन्योरा,” मी टोपी काढून म्हणालो. “मी फार पूर्वी इथे पाव न्यायला यायचो...”

बाईने डोळे बारीक केले. माझ्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

“पोतं घेऊन?” तिने विचारलं.

“पोतं घेऊन.”

“अरे गाढवा!” ती म्हणाली. “तू अजून जिवंत आहेस?”

तिचं नाव कोलोंबा. जन्म त्याच घरातला. कट्ट्यावर दोन्ही कोपरं टेकवून तिने सगळं माझ्याशी नव्हे, असुंताशी बोलून टाकलं.

“बाई गं, हा रोज सकाळी खाली उभा राहून टोपी काढायचा. मला वाटलं, माझ्यासाठी! ह्याची बोट बंदरात दिसली की मी अंधारात उठून केस विंचरायची. आई ओरडायची, बहीण चिडवायची. मी इथून हात हलवायची, हा बघायचाच नाही! म्हटलं, लाजाळू असेल. आणि मग एके दिवशी हा ओरडला, ‘निळ्या झग्यातल्या, मांजरवाल्या!’ माझ्याकडे निळा झगा नव्हता. मला मांजराच्या केसांनी शिंका येतात! मी खाली वाकून पाहिलं, हा कुठे बघतोय. हातात कपडे होते, दोरीवर घालत होते...”

“म्हणून चिमटा,” असुंता म्हणाली.

“इस्त्री असती तर इस्त्री टाकली असती!”

असुंता उठली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एक खाली पोवळ्यांच्या हारात, एक वर घरातल्या जुन्या झग्यात. त्या नजरेत काय होतं ते मला चष्मा असूनही वाचता आलं नाही. एवढंच कळलं की त्या दोघींत मी कुठेच नव्हतो.

“मी अंधारात उठून केस विंचरले नाहीत ह्याच्यासाठी,” असुंता शेवटी म्हणाली. “हाच आमच्या दारात येऊन बसायचा. भर उन्हात. बाबा हाकलायचे, परत यायचा.”

“चष्मा होता?”

“नव्हता.”

“मग नक्की तुझ्यासाठीच यायचा की शेजारणीसाठी?”

असुंता हसली! आधी हार हलला, मग खांदे, मग ती इतकी हसली की जेरार्दोला तिला धरावं लागलं. “आमच्या घराला एकच मजला होता!” ती म्हणाली.

कोलोंबाने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. नेपल्सच्या बाईला टोपली दिसल्यावर काय करायचं ते सांगावं लागत नाही. असुंताने बिस्किटांचा डबा आत ठेवला. मग माझ्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. मला न विचारता! चिमटा काढला आणि डब्यावर ठेवला.

“अगं, तो माझा—”

“तुमचा नाही,” दोघी एकदम म्हणाल्या.

टोपली वर गेली. कोलोंबाने एक बिस्कीट तोडलं, चावलं. “बदाम सढळ हाताने घालतेस,” ती म्हणाली. काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या जेनोवात ही तक्रार समजतात की स्तुती, हे मला अजून कळलेलं नाही. मग तिने चिमटा उलटसुलट करून पाहिला. “ह्या संचातला एक कमी पडायचा तेव्हापासून,” ती म्हणाली आणि त्याने दोरीवर एक पांढरा रुमाल अडकवला. माझं अख्खं तारुण्य जेनोवाच्या वाऱ्यावर फडफडायला लागलं.

वळणावरून मी एकदा मागे पाहिलं आणि टोपी काढली. यावेळी एक मजला वर. कोलोंबाने हात हलवला. “उशीर झाला!” ती ओरडली आणि झडपा लावून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मार्सेयच्या बंदरात जर्मन तुकडी जहाजाच्या जिन्याखाली तयार उभी होती. “आज कोणती खिडकी?” फ्राउ उटेने विचारलं. असुंता म्हणाली, “आज भिंत मी निवडणार.”

आता घरात रश्श्याला मीठ जास्त झालं तरी मी उसासा टाकत नाही. सकाळी मीच पाव आणायला जातो. परवा परत येताना गल्लीच्या तोंडाशी आलो, वर पाहिलं आणि भरून आलं. आमच्या गॅलरीत निळ्या झग्यात असुंता! ह्या वयात, माझ्यासाठी! मी पिशवी खाली ठेवली, टोपी काढली आणि कमरेत लवून मुजरा केला.

टप्पकन टाळक्यात चिमटा पडला.

“वर बघा, वर!” असुंताचा आवाज आला. “ती खालच्या मजल्यावरची चादर आहे!”

असो. चिमटा मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आहे. चष्मा कुठे ठेवलाय, ते मात्र आठवत नाही.