ताडीचं बूच

"बूच घट नको लावू, पोरी. ताडी जिती असते, तिला दम घ्यायला जागा लागते," असं नवशीबाईंनी सुनेला बजावलं होतं. प्रगतीने नेहमीप्रमाणे "हो आई" म्हटलं आणि नेहमीप्रमाणे स्वतःला हवं तेच केलं.

तसा तिचाही इलाज नव्हता. तिचा बाळ जिव्या नुकताच रांगायला लागला होता आणि हाताला लागेल ते तोंडात घालत होता. त्यामुळे घरात एकही झाकण सैल दिसता कामा नये, हा प्रगतीचा कायदा. सासूने तलासरीच्या पाड्यावरून पाठवलेली पहाटेची ताडी तिने काचेच्या बाटलीत ओतली, रबरी बूच बत्त्याने ठोकून ठोकून बसवलं आणि बाटली खिडकीजवळच्या उंच फळीवर ठेवली. ताडी होती इडलीच्या पिठात घालायला. ती घातली की इडली कापसासारखी फुलते. पण बघणाऱ्याला इडली थोडीच दिसणार? म्हणून बाटलीवर तिने जिव्याचं टोपडंही घालून ठेवलं.

लपवण्याचं कारण खाली एकटंच राहत होतं. गुजराती घरमालकीण पुष्पामासी. डहाणूत खोली देतानाच मासींनी सांगितलं होतं, "जो पोरी, बघ हं, घरात दारू दिसली तर त्याच दिवशी सामान रस्त्यावर. मग तुझा नवरा रडो की तू रड."

आणि ही खोली जाणं प्रगतीला परवडण्यासारखं नव्हतं. पाड्यावर वाढलेल्या तिला डहाणू म्हणजे मुंबईच होती. नळ सोडला की पाणी, कोपऱ्यावर बेकरीची गरम खारी, संध्याकाळी समुद्रावर भेळ आणि कालाखट्टा गोळा. नवरा उमेश तारापूरच्या कारखान्यातून आला की तिघं किनाऱ्यावर जायचे. जिव्या गोळा चोखताना तोंड वाकडं करायचा आणि तरी पुन्हा मागायचा. या सुखाला एकच काटा होता, मासींचा आवाज. वर चमचा पडला तरी खालून हाक यायची, "वर काय हत्ती पाळलाय?"

त्या दिवशी मात्र उमेश कामावर गेल्यापासून खालून एकही हाक आली नव्हती. प्रगती म्हणाली, देव पावला! भरदुपारी जिव्याला मांडीवर घेऊन ती चहात खारी बुडवत बसली. खिडकीतून ऊन थेट फळीवर येत होतं. खारी अगदी तोंडाशी आली, तेवढ्यात ठो!

बूच टोपड्यासकट उडालं. समोरच्या मांडणीतल्या ताटांवर आदळलं. वरचं ताट खालच्यांना घेऊन आलं, त्यांनी वाट्या आणल्या, वाट्यांनी पाण्याची कळशी. प्रगतीला वाटलं, सिलिंडरच गेला. जिव्याला पोटाशी धरून ती दारात पळाली. मागे फेसाचा फवारा खिडकीतून बाहेर आणि मासींनी खाली वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर! शेवटचं ताट फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. ते थांबल्यावर जिव्याने टाळ्या वाजवल्या.

घरभर ताडीचा वास सुटला. प्रगती दारातच उभी राहून मासींच्या आरोळीची वाट बघू लागली. सामान कुठल्या टेम्पोत बसेल, उमेशला काय सांगायचं, कालाखट्ट्याविना जिव्याचं कसं होणार, सगळं तिच्या मनात येऊन गेलं.

आरोळी आलीच नाही.

चमच्याला हत्ती म्हणणारी बाई अख्खी मांडणी कोसळल्यावर गप्प? त्यांना काही झालं तर नाही ना? खोली गेली खड्ड्यात! प्रगती जिव्याला घेऊन धाडधाड जिना उतरली.

"मासी! ओ पुष्पामासी!"

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून, न्हाणीकडून, बसक्या घशाने कुणीतरी म्हणालं, "आली का गं? वर काय हत्ती पाळलाय?"

मासी ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळीच पाय घसरला होता, गुडघा सुजून कलिंगड झालेला. हाका मारमारून घसा बसला होता. न्हाणीतून त्या हाका वर पोचल्याच नव्हत्या. प्रगती तेव्हा शांततेचं सुख भोगत होती. तिने जिव्याला पाटावर बसवलं, मासींना काखेत धरून पलंगापर्यंत आणलं, डॉक्टरांना फोन केला, गरम चहा पाजला. तेवढ्यात मासींचं नाक हललं.

"कसला वास?"

"ताडी, मासी." प्रगतीने मान खाली घातली. "सासूबाईंनी दिलेली. इडलीसाठी, खरंच. बूच उडालं. तुमची चादरपण भिजली. आम्ही खोली सोडतो, फक्त उमेशला येऊ द्या."

मासींनी उशीवरून मान उचलली.

"बधी ढोळाई गई? सगळी सांडली?"

"तळाला थोडी आहे."

"मग बसलीस काय? पीठ भिजव. दारू या घरात चालणार नाही, पण इडलीला दारू कोण म्हणतं? आणि मला दोन जास्त वाढ. सकाळपासून उपाशी आहे मी."

दुसऱ्या दिवशी प्रगतीने स्टूल सरकवलं आणि खालून बसक्या घशाची हाक आली, "काय फोडतेय गं?" प्रगतीने मनातल्या मनात हात जोडले. एवढी गोड हाक तिने डहाणूत आल्यापासून ऐकली नव्हती.

म्हणून प्रगतीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही वर, खाली किंवा भिंतीपलीकडे असं कुणीतरी एकटं राहत असेल, सतत कुरकुर करणारं, नकोसं वाटणारं. त्यांचा ओरडा आज अजून आला नसेल, तर हे वाचणं इथेच ठेवा. आधी त्यांचं दार वाजवून या.